शेवटच्या ओळीतलं नाव

परवा एका मासिकात चेक देशातल्या कुणा संगीतकारावर लेख वाचला. घरच्यांच्या मायेतून त्याचं संगीत कसं घडलं, हे लिहिणाऱ्याने चार पानं भरून सांगितलं होतं. भांडणाचा एक शब्द नव्हता. संगीत घरातून निघतं हे मला मान्य आहे. ते नुसत्या मायेतून निघतं, हे मी कबूल करणार नाही. माझी सगळ्यात गाजलेली चाल सख्ख्या भावाशी भांडून उभी राहिली, आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही.

गोंदियात तांदळाचा धंदा मी पुढे स्वतःच्या हिमतीवर उभा केला. त्याआधी, इंग्रजांच्या काळात, बोदलकशाच्या तलावाच्या बाजूला आमचं गाव, थोडी धानाची शेती आणि दादाची दंडार. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईत दंडार उभी राहते. ढोलकी, झांजा, काठ्या घेऊन नाचणाऱ्यांच्या समोरासमोर दोन रांगा, आणि पुढे गाणारा. गायचा दादा. आवाज असा की बाजाराच्या दुसऱ्या टोकाची गुरं माना वळवायची. गाणी मात्र मी रचायचो, शब्द माझे आणि चालही माझी. आमच्याकडे रिवाज असा, की गाण्याच्या शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव गुंफायचं. चार वर्षं त्या ओळीत दादाचं नाव गेलं.

मी विचारलं तेव्हा तो जेवत होता.

"लोक कोणाले ओळखतेत? मले," तो म्हणाला. "तुज्या नावावर कोण टाळी वाजवन?"

मी ताट ढकलून उठलो. त्या वर्षीचं गाणं अडवून धरायचं ठरवलं. समोरच्याला घाई असली की आपण बसून राहावं, हे मी बैलबाजारात शिकलो होतो, आणि दादाला घाई होती. मंडईला थोडेच दिवस उरले होते. गेल्या वर्षी शेजारच्या गावाच्या दंडारीनं आम्हाला हरवलं होतं आणि वर्षभर ते लोक आम्हाला वाटेत अडवून हसले होते.

पण मीच गाफील राहिलो. गोठ्यात ढोरं बांधताना मी गाणं गुणगुणायचो. दादानं कुडाच्या भिंतीपलीकडून ते ऐकून ऐकून अख्खं उचललं, शेवटी आपलं नाव बसवलं आणि तालीम सुरू केली. मला हे कळलं तेव्हा मी ढोलकी फोडायच्या इराद्यानेच देवळासमोर गेलो. तिथे पोहोचलो आणि हात आपोआप खाली आला. रांगा एकमेकींवर आदळत होत्या. काठ्या डोक्यांवर बसत होत्या. गोंदियाहून आलेला ढोलकीवाला दादाला म्हणत होता, "भैया, गाना तो बढ़िया है, पर चुडैल का है क्या? इसके पाँव उलटे हैं."

तो गमतीनं बोलला, पण बरोबर बोलला. दंडारीत पाऊल पुढे टाकून ठेका धरतात. ही चाल मी आईच्या रोवण्याच्या गाण्यातून काढली होती. धानाचा रोवणा करणाऱ्या बाया बांधीत, म्हणजे पाणी भरलेल्या खाचरात, वाकून मागे मागे सरकतात. रोप चिखलात खोचलं की पाऊल मागे जातं आणि सूर तिथेच टेकतो. पुढे चालत ते गाणं म्हटलं की पाय फसणारच. दादा रोवण्याच्या दिवसांत नांगराच्या मागे असायचा, त्याला हे ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या सकाळी तो अंगणात आला. आई सुपात तांदूळ पाखडत होती.

"सांग बा, काय चुकून राहिलं?"

"माजं नाव."

"नावाच्यानं पाय अडकतेत?"

"हो."

"अर्धी ओळ तुजी, अर्धी माजी."

"पुरी ओळ."

"पुढच्या वर्षी देतो."

"मग गाणंबी पुढच्या वर्षी घे."

सूप थांबलं. "अन् माजं?" आई म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"तू कायले रागावून राहिला? त्यानं तुजं उचललं, तू माजं उचललं. मले कोणी विचारलं?"

"दंडारीत बाईचं नाव? लोक हसतीन, माय," मी म्हणालो.

"हसू दे. मग पाय कसे टाकाचे ते लोकायलेच विचारा. तू बांधावर बसून आयकलं. चिखलात कधी उतरला?"

पाऊल मागे जातं एवढं मला माहीत होतं. रांग मोडू न देता सगळे एकदम मागे कसे सरकतात, ते तिलाच येत होतं. तिनं सूप पुन्हा हाती घेतलं आणि वाट पाहत बसली. घाई आता आम्हा दोघांना होती. भाव ताणून धरण्याची अक्कल मला कुणाकडून मिळाली, ते त्या सकाळी कळलं.

तीन दिवस तिनं आमच्या अंगणात वीस धटिंगणांना वाकून मागे चालायला लावलं. पहिल्या दिवशी ते हसले. दुसऱ्या दिवशी कमरा धरून बसले.

मंडईच्या दुपारी आमच्या रांगा मागे सरकू लागल्या, तेव्हा शेजारच्या गावाचे लोक ओरडले, "पळून राहिले रे!" तेवढ्यात ठेका बसला. रांगा मागे हटत गेल्या आणि मधलं मैदान फुलासारखं उघडलं. गर्दीतल्या बायांनी चाल ओळखली आणि ध्रुवपद उचललं. दंडारीत बाया गात नसत. त्या दिवशी सगळं मैदान गायलं. शेवटच्या ओळीत दादानं आईचं नाव घेतलं, पूर्ण आवाजात, आणि लोकांनी ती ओळ तीनदा म्हणवून घेतली. आमच्यानंतर उभं राहायला शेजारची दंडार तयारच झाली नाही.

मानाचं पागोटं पंचांनी दादाच्या डोक्यावर बांधलं. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. हे मी विसरलेलो नाही.

आईला तोवर सगळे दादाची माय म्हणायचे. मंडईतून निघताना एका अनोळखी बाईनं तिला तिच्या नावानं हाक मारली. आई वळली नाही. दुसऱ्या हाकेला वळली, त्या बाईशी दोन शब्द बोलली, आणि मग गावापर्यंत ताठ मानेनं पुढे चालत गेली. दादा पागोट्यासकट आणि मी तसाच, दोघेही तिच्या मागे.