विहारातला पाण्याचा ग्लास
वडिलांच्या शोकसभेत मेणबत्तीचा वास आला आणि दौंडच्या आमच्या वस्तीतल्या विहारातली एक दुपार आठवली. कुरकुंभच्या कारखान्यातला जपानी इंजिनिअर मायदेशी जाण्याआधी कुणी फारसं न पाहिलेल्या जागा बघत फिरत होता. बूट काढून तो बुद्धमूर्तीपुढे वाकला. त्याला घेऊन आलेला आमच्याच गावचा अधिकारी मात्र दाराबाहेर थांबला. वडिलांनी हरखून पाण्याचा ग्लास पुढे केला, तर तो बाहेरूनच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या म्हातारबा, सायबाला बाहेरचं पानी चालत न्हाई." येताना हायवेवरच्या रसवंतीत साहेबासोबत बर्फ घातलेला रस पिऊन आल्याचं त्या अधिकाऱ्यानेच थोड्या वेळापूर्वी सांगितलं होतं. "मग तुम्ही घ्या," वडील म्हणाले. तो गाडीकडे वळला. वडिलांनी ते पाणी स्वतःच पिऊन टाकलं. शोकसभेत सगळे त्यांच्या शांत स्वभावाचं कौतुक करत होते. त्या दुपारी रिकामा ग्लास त्यांनी रागाने फरशीवर आपटून ठेवला होता, ते या सगळ्यांपैकी कुणीच पाहिलेलं नाही.