बेटावरचा नारळ

मुलांनो, परसातला माड कुणी लावला, असं परवा फोनवर विचारलंत, म्हणून लिहिते.

नव्वदच्या दशकात मुरगूडच्या एसटीत माझ्या शेजारी एक निवृत्त जवान बसला होता. मांडीवर कोंब आलेले दोन नारळ होते. खड्डा आला की तो कोंबांवर तळवे धरी.

"बाई, आमच्या सरावाच्या बेटावरचं हायती. तोफंच्या माऱ्यात तितली झाडं पडाय लागलीती. आता मला तिकडं कोन सोडतंय?"

उतरताना त्याने एक नारळ माझ्या हातात ठेवला.

"अहो, मी कोण तुमची?"

"म्हनूनच की. फौजेत सगळ्यास्नी एका खंदकात बसू देत न्हाईत. एक गेलं तर एक ऱ्हातंय."

त्याच्या नारळाचं काय झालं, मला माहीत नाही. आपला माड उभा आहे.