डॉक्टरांनी न दिलेला शब्द

आमच्या मराठी मंडळात गेली चार वर्षं एक गोष्ट हसत हसत सांगितली जाते. डॉक्टरांनी म्हणे एका म्हाताऱ्या बाईचं तबेल्यासकट घर घ्यायचं कबूल केलं, वर नारळही दिला, आणि मग बायकोच्या धाकाने पळ काढला. ही गोष्ट मी पसरवली आणि ती खोटी आहे. डॉक्टरांनी शब्द दिला नव्हता आणि वहिनींनी नको म्हटलं नव्हतं. शब्द मी दिला होता. कसा दिला, ते हे दोन हजार आठ साल संपायच्या आत सांगून टाकतो.

मी निवृत्त इंजिनियर, अमेरिकेत पिस्कॅटवे गावात राहतो. डॉक्टर माझे तीस वर्षांचे मित्र. आम्हा दोन जोडप्यांना तेव्हा दर रविवारी विकाऊ घरं बघत हिंडायचा नाद लागला होता. घ्यायचं काहीच नव्हतं. वरपक्षाने मुलगी बघायला जावं तसे आम्ही नटूनथटून जायचो. डॉक्टर टाय लावायचे, बायका रेशमी साड्या नेसायच्या. नळ सोडून बघायचा, कपाटात डोकवायचं, जिन्याखाली देवघर बसतंय का यावर घरमालकासमोर मराठीत भांडायचं, ठेवलेल्या कुकीज खायच्या आणि ‘कळवतो’ म्हणून निघायचं. गाडीत बसलो की त्या घराची खोड काढता काढता हसून डोळ्यांत पाणी यायचं. साठी उलटली होती सगळ्यांची, पण रविवारी आम्ही कोणाला आवरत नव्हतो.

दोन हजार चारच्या पानगळीत एकदा पश्चिमेला तासभर लांब गेलो. पांढऱ्या कुंपणांची कुरणं लागली आणि एका फाटकावर हाताने रंगवलेली पाटी दिसली: ‘जुनं इंग्लिश घर, जमीन, तबेले. विकणे आहे.’ डॉक्टरांनी विचारलंही नाही, गाडी आत घातली.

मालकीणबाई पंच्याहत्तरीच्या पुढच्या, एकट्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेल्या. शंभर वर्षांपूर्वी कोणा साबणवाल्याने इंग्लंडमधलं हे घर उतरवून, दगडा-दगडावर आकडे घालून जहाजाने इथे आणलं, असं त्यांनी सांगितलं. दिवाणखान्यातल्या शेकोटीत आमची मोटार मावली असती. वहिनींनी पाच मिनिटांत वरची कोपऱ्यातली खोली स्वतःसाठी धरली. माझी बायको केर काढायला किती बायका लागतील याचा हिशेब करत होती. मी खिडक्या मोजत होतो आणि दरवेळी तिसाच्या पुढे चुकत होतो.

तबेल्यात दोन म्हातारे घोडे होते. बाईंची अट एकच होती, घोड्यांनी मरेपर्यंत तिथेच राहायचं. दुसऱ्या दिवशी एक बिल्डर येणार होता. त्याला जमीन हवी होती, तबेला तो आधी पाडणार होता. टायमुळे बाईंनी डॉक्टरांना गिऱ्हाईक धरलं आणि त्यांना घोड्यांतलं कळतं का, असं मला हळूच विचारलं. मी म्हटलं, त्यांच्या घराण्यात घोडे होते. डॉक्टरांचा घोड्याशी संबंध वरातीपुरता, आणि तेव्हाही बँड वाजल्यावर घोडा उधळला होता.

बाईंनी चहा दिला, केक दिला. एवढं खाल्ल्यावर रिकाम्या हाताने निघणं माझ्या बायकोला जमेना. संध्याकाळी घरी पूजा होती, त्यासाठी एडिसनच्या देशी दुकानातून घेतलेला नारळ गाडीत होता. तो तिने आणला, पर्समधल्या डबीतलं कुंकू लावलं आणि बाईंच्या हातात ठेवला. बाईंनी विचारलं, याचा अर्थ काय? बायकोने माझ्याकडे बोट दाखवलं आणि ती वहिनींना बोलवायला वर गेली. डॉक्टर तेव्हा तबेल्यात घोड्याला सफरचंद भरवत होते.

खरं उत्तर सोपं होतं. पण त्या दिवाणखान्यात उभा राहून माझ्या अंगात हवा भरल्यासारखं झालं होतं. मी म्हणालो, “आमच्यात व्यवहार पक्का झाला की नारळ देतात.”

बाईंनी नारळ छातीशी धरला. आम्ही निघालो तेव्हा त्या पाटी उतरवत होत्या. गाडीतल्या बाकी तिघांना वाटलं, पाऊस येणार म्हणून.

बिल्डरला त्यांनी परत पाठवलं. तीन आठवड्यांनी माझ्याकडे फोन आला, नंबर मीच लिहून आलो होतो. डॉक्टर वकिलाला घेऊन कधी येतात? मी म्हटलं, डॉक्टरांची बायको तयार नाही, ते मागे हटले. मग कोणी विचारायच्या आत मंडळात हेच विनोद म्हणून सांगितलं. डॉक्टरांना वाटलं, बाईंचा काही गैरसमज झाला असेल. न दिलेल्या शब्दाबद्दल त्यांनी बाईंना माफीचं पत्र लिहिलं. बाईंनी तो हिवाळा तबेल्यापर्यंतचा बर्फ एकटीने उपसला. वसंतात घोडे पाळणाऱ्या एका जोडप्याने घर घेतलं म्हणून निभावलं. त्यात माझं श्रेय काही नाही.

या उन्हाळ्यात डॉक्टरांच्या घरी जेवताना मी सगळं सांगितलं. डॉक्टर वरण-भात कालवत म्हणाले, “मला पत्राच्या उत्तरातच कळलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, शब्द खिडक्या मोजणाऱ्याने दिला.” वहिनींना मात्र काहीच माहीत नव्हतं. चार वर्षं बायका त्यांना ‘धाकवाली’ म्हणत होत्या. त्यांनी माझ्या ताटातली जिलेबी काढून घेतली आणि पुढच्याच रविवारी मला गाडीत घालून बाईंकडे नेलं; डॉक्टर आणि माझी बायकोही बरोबर होते.

बाई आता गावात दोन खोल्यांत राहतात. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुम्हाला स्वतःला हवं होतं का ते घर?”

मी हो म्हणालो. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

“मग तसं म्हणायचं,” त्या म्हणाल्या. “मी हसले असते, आणि बिल्डरला तरीही परतच पाठवलं असतं.” मग चहा टाकायला उठल्या.

परतताना बायकोने आधी खिडकीची काच वर केली. मग म्हणाली, “अहो, दिवाणखान्यातली ती शेकोटी मी भाड्याने दिली असती.” तिथून सुरू झालं ते घर येईपर्यंत थांबलं नाही. खोल्या वाटल्या, घोडे वाटले, केर काढायची पाळी लावली. मी डॉक्टरांना तबेल्यावरचा माळा देऊ केला.

“तुझ्या शब्दावर?” डॉक्टर म्हणाले, आणि हसता हसता त्यांना गाडी कडेला घ्यावी लागली.

वहिनी एकट्या हसत नव्हत्या. “भाऊजी, आता तोंडी काही नको,” त्या म्हणाल्या. “लिहून द्या. मंडळात सगळ्या बायकांनी वाचलं पाहिजे.”

म्हणून हे लिहिलं.