हळूभाऊंचं ग्रीस

उभं आयुष्य बस चालवण्यात गेलं, पण हळूभाऊंच्या हातून कधी कुणाच्या सायकलला साधा ओरखडा उमटला नाही, आणि त्यांची बस कधी वेळेवरही पोचली नाही. डेपोतल्या मंडळींनी त्यांना हे नाव ठेवलं ते काही कौतुकाने नव्हे. पण त्यांनी ते इतक्या खुशीत स्वीकारलं की चिडवणाऱ्यांचीच मजा गेली. पुढे दूधवाल्यापासून घरमालकापर्यंत सगळेच त्यांना हळूभाऊ म्हणू लागले. बायको तेवढी म्हणायची नाही. ती आपलं 'अहो' म्हणायची, आणि तेही बहुतेक वेळा स्वयंपाकघरातून.

ही बाई नव्या घरी रिकाम्या हाताने कधी गेली नाही. कुणाकडे पहिल्यांदा जायचं ठरलं की आदल्या रात्री जर्दाळू आणि सुके अंजीर भिजत पडायचे. सकाळी सफरचंदं किसली जायची, अक्रोड फुटायचे, आणि जाड बुडाच्या पातेल्यात साखर-लिंबासकट सगळं शिजून पावाला लावायचा एक दाट, तपकिरी प्रकार तयार व्हायचा. त्याचा रंग आणि चिकटपणा बघून हळूभाऊंनी लग्न नवं असतानाच त्याचं नाव 'ग्रीस' ठेवलं. बायको दोन दिवस बोलली नाही. नंतर तीच एकदा म्हणाली, अहो, ग्रीस ढवळायला या. तेव्हापासून घरात दुसरं नाव उरलं नाही.

ढवळायचं काम त्यांचं. बाजारातून सामान आणायचं आणि ढवळायचं, एवढीच दोन खाती त्यांच्याकडे होती. पण त्यातलं दुसरं खातं फार मानाचं, असं त्यांचं ठाम मत होतं, कारण ग्रीस कधी झालं हे तेच सांगायचे. शेवटी शेवटी ते उसळून अंगावर उडायला लागलं की हळूभाऊ डोळे मिटून घ्यायचे. बायको म्हणायची, अहो, ड्रायव्हर माणसाने डोळे मिटू नयेत. ते म्हणायचे, आयुष्यभर रस्त्यावर उघडे ठेवले, इथे तरी मिटू दे, मला हातालाच कळतं. मग मिटल्या डोळ्यांनी ते ढवळत राहायचे, ती मागे खुडबुड करत असायची, एखाद्या डब्याचं झाकण खट्‌ वाजायचं, आणि थोड्या वेळाने पळीवर हवा तसा भार आला की हळूभाऊ जाहीर करायचे, "झालं." ग्रीस नेहमीच बेताचं व्हायचं. ना पातळ, ना चिवट. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते उजवा हात वर करून दाखवायचे आणि सांगायचे की करते ही, पण मर्म इथे आहे. बायको त्यावर नुसती हसायची.

ती जाऊन दोन वर्षं झाली होती. ते जाड पातेलं वरच्या फळीवर पालथं पडलं होतं. खाली काढायचं कुणी मनावर घेतलं नव्हतं.

आणि आता मुलीने स्वतःचं स्वतः जमवलं होतं. मुलगा चांगला होता, हळूभाऊंना पसंतही होता. त्याची आई चष्म्याचं दुकान चालवायची. त्या बाईंनी रविवारी बाप-लेकीला चहाला बोलावलं होतं. मुलगी म्हणाली, बाबा, दुकानातून केक घेऊन जाऊ, उगाच घाट घालू नका. हळूभाऊंनी मान डोलावली आणि मनात दुसरंच ठरवलं. पोर आईविना त्या घरात पाऊल टाकणार, हे त्यांना दिवसरात्र खात होतं. तिच्या आईची बरणी त्या टेबलावर गेली नाही, तर आपण लेकीला रिकाम्या हाताने पाठवली असं त्यांना जन्मभर वाटत राहिलं असतं. शिवाय भीती कसली? कधी झालं ते सांगणारा माणूस तर घरातच होता.

शनिवारी मुलगी कामावर गेली आणि त्यांनी पातेलं खाली काढलं. सामानाचं माप पाठ होतं, कारण पिशवी वर्षानुवर्षं त्यांच्याच हातात असायची. अक्रोड फोडताना निम्मे जमिनीवर गेले, सफरचंद किसताना अंगठ्याचं थोडं कातडं गेलं, पण रंग धरायला लागला तेव्हा घरभर तोच वास सुटला. ते खुर्ची ओढून दोन मिनिटं बसणार होते, पण ढवळणाऱ्याने थांबायचं नाही हा तिचा नियम होता. ते उभेच राहिले. ग्रीस उडायला लागल्यावर त्यांनी सवयीने डोळे मिटले. मागे कुणाची खुडबुड नव्हती. हाताला ओळखीचा भार येईपर्यंत ते ढवळत राहिले, आणि भार आला तेव्हा रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणाले, "झालं." मग गॅस बंद केला, गरम गरम बरणीत भरलं, झाकणावर कापड बांधलं. गाठ बुटाच्या नाडीसारखी बसली, पण बसली.

रविवारी बसमध्ये बरणी मांडीवर घेऊन ते ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले. प्रत्येक वळणावर त्यांचा पाय जमिनीत ब्रेक शोधत होता. मुलीने पिशवीत डोकावून पाहिलं, बरणी ओळखली आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. हळूभाऊंना वाटलं, हिला लाज वाटते आपली. त्यांनी पिशवीचं तोंड मिटून घेतलं आणि उतरेपर्यंत दोघं काही बोलले नाहीत.

चष्मेवाल्या बाईंचं घर नीटनेटकं होतं. बाई चष्म्यावरून बघायच्या, त्यामुळे समोरच्याला आपला नंबर तपासला जातोय असं वाटायचं. त्यांचे यजमान मान डोलावण्यापुरते बोलत. स्वयंपाकघरातच मोठं टेबल होतं, तिथेच सगळ्यांना बसवलं. हळूभाऊंनी बरणी पुढे केली आणि घरी पाठ करून ठेवलेली सगळी वाक्यं विसरून म्हणाले, "ग्रीस आणलंय."

मुलगा चहात ठसकला. मुलीने घाईघाईने सगळं समजावून सांगितलं. बाई मोकळेपणी हसल्या, म्हणाल्या, मग आत्ताच उघडू या. पाव भाजले गेले, बश्या मांडल्या गेल्या. बाईंनी बरणीत सुरी घातली. सुरी वरच थांबली. त्यांनी जरा जोर केला, तशी टोकाने एक टवका उडून साखरेच्या भांड्यात पडला. मग मुलगा पुढे सरसावला. त्याने चमचा रोवला आणि वर उचलला, तर चमच्याबरोबर सबंध बरणी वर आली. यजमानांनी मान डोलावली.

हळूभाऊंचा चेहरा पडला. भर चौकात बस बंद पडावी आणि मागे सगळ्यांनी भोंगे वाजवावेत, तसं त्यांना झालं. बाई म्हणत होत्या की वास सुंदर आहे, जरा कडक झालंय इतकंच, पण त्यांच्या कानात काही शिरत नव्हतं. बायकोचं नाव या टेबलावर आणायला निघालो आणि तिच्या नावाला बट्टा लावला, एवढंच त्यांना दिसत होतं.

"हिच्या आईच्या हातचं असं कधी होत नसे," ते म्हणाले. "माझ्याच हाताला काय झालं कळत नाही. कधी झालं ते मीच सांगायचो. इतक्या वर्षांत माझा हात एकदाही चुकला नाही."

मुलीने तोंडावर हात दाबला. सगळ्यांना वाटलं, रडते. ती हसत होती, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचा हात दर वेळी चुकायचा."

हळूभाऊंनी समोरची बशी बाजूला सारली.

मग तिने सांगितलं. लहानपणी ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून अक्रोड सोलायची. बाबांनी डोळे मिटले की आई पातेल्यात वाकून बघायची, आणि ग्रीस झालेलं असलं की हळूच ओट्याखाली हात घालून सिलिंडरचं बटण बंद करायची. वर पातेलं आपल्या उष्णतेवर बुडबुडत राहायचं, बाबा ढवळत राहायचे. आई मुलीकडे बघून ओठांवर बोट ठेवायची. थोड्या वेळाने निवता निवता ते जड झालं की बाबा 'झालं' म्हणायचे, थाटात वरचा गॅस बंद करायचे, आणि आई म्हणायची, बरं झालं सांगितलंत.

"दर वेळी?" हळूभाऊंनी विचारलं.

"दर वेळी. मी विचारलं होतं तिला एकदा, सांगत का नाहीस म्हणून. तर म्हणाली, अगं, त्यांना किती आनंद होतो." मुलीने पदराने नाक पुसलं. "काल घरात शिरले तर तो वास. बरणी दिसली तेव्हा बसमध्येच रडू आलं असतं, म्हणून बोलले नाही."

हळूभाऊ आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. इतकी वर्षं मिरवलेला हात. त्यांना वाईट वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. ती गेल्यापासून तिचं काही नवं कळेल अशी त्यांनी आशाच सोडली होती, आणि आज परक्यांच्या टेबलावर बसून तिचं एक कारस्थान कळलं होतं.

चष्मेवाल्या बाई उठल्या. त्यांनी बरणी गरम पाण्यात ठेवली, फळीवरून एक जाड बुडाचं पातेलं काढलं आणि पळी हळूभाऊंच्या हातात दिली. थोडं पाणी घालून पुन्हा सैल करू, त्या म्हणाल्या, ढवळायला तुम्हीच या. मग त्यांनी ओट्याखालचं दार उघडून ठेवलं आणि तिथून बाजूला झाल्या. आत सिलिंडर होता.

हळूभाऊ शेगडीपुढे उभे राहिले. मुलीने बरणी पातेल्यात रिकामी केली, लिंबू पिळलं, पाणी घातलं. दगड हळूहळू सुटू लागला, मग ढवळता येऊ लागला, मग उडू लागला. ते डोळे मिटून ढवळत राहिले. मागे कपबश्या वाजत होत्या, मुलगा काहीतरी कुजबुजत होता. मग कुणीतरी पातेल्यात वाकून बघितल्याची चाहूल लागली. पायांशी कापड सळसळलं, आणि खालून बारीकसा आवाज आला. खट्‌.

आवाज त्यांच्या ओळखीचा होता. इतकी वर्षं त्यांना तो डब्याच्या झाकणाचा वाटत आला होता.

हाताला अजून भार आलेला नव्हता. त्यांनी डोळे उघडले नाहीत. मुलीला उठून उभं राहायला वेळ मिळावा म्हणून आणखी थोडा वेळ पळी फिरवत राहिले, आणि मग नेहमीच्या थाटात म्हणाले, "झालं."

"बरं झालं सांगितलंत," मागून मुलगी म्हणाली.