कमानीवरचा अनुस्वार

परवा दोन साहेब आले अन् आमच्या मिशनच्या शाळेचे फोटो काढून गेले. इमारत आता वारसा यादीत आहे म्हणे. हातभर जाडीच्या भिंती, चुन्याचं काम, पुढची टोकदार कमान, सगळं त्यांनी वहीत टिपलं. शेवटी कमानीकडे पाहून हसले अन् मला म्हणाले की आजी, वर एक अनुस्वार राहिलाय. मला रागच आला. सत्तर वर्षांनी हे मला सांगायला आले!

ती कमान माझ्या बानं बांधली. बा गवंडी. विहीर बांधण्यात त्याचा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं, अन् हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. अक्षर मात्र एक ओळखीचं नाही. मिशनचे फादर परदेशातून आलेले. त्यांनी कारंज्याच्या एका मास्तरांकडून कागदावर 'मुलींची शाळा' लिहून आणलं अन् कमानीच्या मधल्या दगडावर कोरायला दिलं. उठावाची अक्षरं हवी होती, म्हणजे भोवतीचा दगड तासून अक्षर तेवढं वर ठेवायचं. आठ दिवस बानं मान वर केली नाही. दगड बसला, खालचा लाकडी आधार काढला, कमान उभी राहिली. बानं गावात सुपारी वाटली.

मग मास्तर पाहायला आले अन् त्यांनी मोठ्यानं वाचलं, 'मुलीची शाळा'. एकाच मुलीची.

ठिपका कुठं गेला, असं बाला विचारलं.

"मले वाटलं, कागदावर माशी घाण करून गेली," बा म्हणाला.

माणसं पोट धरधरून हसली. मास्तरांनी तर वर काजळाची तीट लावा म्हणून सुचवलं. बा हसला नाही. तासून टाकलेला दगड परत कुठून आणणार? अन् मधला दगड काढला तर अख्खी कमान खाली. कमान पाडली असती, तर बाला पुढं कोणी ओटा बांधायलाही बोलावलं नसतं. दोन दिवस तो जेवला नाही. मला त्याची फार दया आली.

तिसऱ्या दिवशी फादरनी त्याला बोलावलं. मी भाकर घेऊन तिथंच उभी होते. फादर त्यांच्या पुस्तकी मराठीत म्हणाले, "मिस्त्री, कमान राहील. परंतु लिहिले आहे ते खरे करा. आपली मुलगी पाठवा."

बा चांगलाच अडकला. पोरीनं शिकून काय दिवे लावायचे, हे पारावर बसून तोच बोलायचा. दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून शाळेत नेलं, तेव्हा त्याचं तोंड कडू काढा प्यायल्यासारखं झालं होतं.

वर्षभरात मी वाचायला लागले. एकदा बा न्यायला आला अन् कमानीखाली थांबवून म्हणाला, वाच. 'मुलींची' वाचावं तर खोटं, अन् खरं वाचावं तर त्याला लागेल. शेवटी होतं तेच वाचलं, 'मुलीची शाळा'.

बानं दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग?" तो म्हणाला. "चुकलं कुठी?"