नावापुढची टिंबं

आमच्या ऑफिसातल्या मामांचा आवाज शांत लागायचा तो फक्त फोनवर. कोणाच्या तरी घरातला एसी बंद पडलेला असे, पलीकडचं माणूस घामाने आणि रागाने पिसाळलेलं असे, आणि मामा अरबी, हिंदी, इंग्रजी, जी लागेल ती भाषा मोडूनतोडून त्याची समजूत घालत. रिसीव्हर खाली ठेवला की तेच मामा वळून असे गरजत की वर्कशॉपातली माणसं चहा अर्धा टाकून गाड्यांकडे पळत. मालवणकडचा हा माणूस वीसेक वर्षं बहरीनमध्ये एसी दुरुस्तीच्या एकाच कंपनीत, नईम भागातल्या त्याच ऑफिसात, कंप्लेंट घेण्याच्या त्याच खुर्चीवर बसून होता. केरळचे टेक्निशियन, पेशावरचा ड्रायव्हर, खुद्द बहरीनी मालक, सगळे त्यांना मामाच म्हणत.

मामांचा सगळ्यात मोठा राग 'इंशाल्ला'वर होता. म्हणजे शब्दावर नव्हे, तो म्हणून बसून राहणाऱ्यांवर. ग्राहकाने म्हटलं तर मामाही मनापासून म्हणत. पण टेक्निशियन खुर्चीत बसून "इंशाल्ला मामा, जाएगा" म्हणाला की संपलं. "इंशाल्ला बोलने का, लेकिन गाडी में बैठके बोलने का! यल्ला, चलो!" असं ओरडून ते चावी त्याच्या अंगावर फेकत. चावी लागायचीही कधीकधी. कोणी तक्रार केली नाही, कारण त्याच माणसाच्या घरचा फोन आला की रजेसाठी मॅनेजरशी भांडायला मामाच जात.

त्यांच्यासमोरच्या कॉम्प्युटरवर एक जुनं सॉफ्टवेअर होतं. ते त्या एका मशीनवरच चालायचं. करडा स्क्रीन, बारीक अक्षरं, बटणांवर काय लिहिलंय ते पुसट झालेलं. मामा खांद्यात फोन धरून, स्क्रीनकडे न बघता त्यात कंप्लेंट टाइप करत. टेलिफोन नंबराचे शेवटचे चार आकडे टाकले की ग्राहकाचं नाव येई, आणि नाव येण्याआधीच मामा विचारत, "अम्मा की तबियत कैसी है?" मी हे रोज बघत होतो. बघून मला काय वाटावं? मला वाटलं, किती मागासलेला स्क्रीन आहे!

मी पुण्याहून आलेलो, कंपनीतला एकुलता एक प्रोग्रॅमर. मॅनेजरना सगळं काम घरबसल्या मोबाइलवर दिसायला हवं होतं, म्हणून जुनं सॉफ्टवेअर काढून ब्राउझरमध्ये चालणारं नवं करायचं ठरलं. चार महिने मीटिंगा झाल्या. रंग कोणता, लोगो कुठे, तक्ता कसा, सगळ्यावर चर्चा झाली. ज्या माणसाच्या बोटांखाली हा प्रोग्रॅम रोज दहा तास चालत होता, त्याला एकाही मीटिंगला बोलावलं नाही. मॅनेजर म्हणाले, "मामा काय सांगणार? त्यांना फक्त वापरायचंय." आणि मी मान डोलावली. ती मान आठवली की आजही माझं डोकं फिरतं.

जुना डेटा नव्यात आणताना मला दिसलं की शेकडो ग्राहकांच्या नावापुढे टिंबं आहेत. कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. मला वाटलं, टाइप करताना बोट पडलंय. एका ओळीचा प्रोग्रॅम लिहून मी ती सगळी उडवली आणि नावं कशी स्वच्छ झाली म्हणून स्वतःवरच खूश झालो. नवा स्क्रीन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मामांना दाखवला, तर ते खुर्चीतून उठलेच.

"नावांपुढली टिंबां खय गेली?"

"मामा, तो कचरा होता. काढून टाकला."

"कचरो? तुका कोणी सांगल्यान पुसूक? अरे, एक टिंब म्हणजे घरात बारका पोर. दोन म्हणजे म्हातारा माणूस. तीन म्हणजे अंथरुणार पडलेला, मशीन लावलेला माणूस आसा. तीन टिंबां दिसली काय गाडी पयली थय जाता! जुन्या प्रोग्रॅमात ह्या लिहूक जागा नाय होती, म्हणान मी टिंबां घातलंय. सगळ्या ड्रायव्हरांक म्हायत आसा."

म्हणजे मला सांगितलं गेलं होतं. स्वच्छ शब्दांत, माझ्या तोंडावर, एक दिवस आधी. आणि मी काय म्हणालो? "मामा, चेंज रिक्वेस्टचा फॉर्म भरा, पुढच्या टप्प्यात बघू." ते लालबुंद झाले. "फॉर्म? मी तोंडान सांगतंय ता पुरना नाय?" मी डायरीत लिहिलं, 'मामा, टिंबं, नंतर बघू.' आणि घरी गेलो.

नवा स्क्रीन देखणा होता. कंप्लेंटची यादी तो स्वतःच लावायचा आणि मोठ्या करारवाल्या ग्राहकांना वर ठेवायचा. मामा खुर्चीवर असले की काही बिघडत नसे, कारण ते यादीकडे न बघता ड्रायव्हरला फोन करत आणि आठवणीतून गाडी वळवत. मॅनेजर त्यावरही चिडायचे. सिस्टिम आहे ना आता, मग मध्ये तोंड कशाला घालता, म्हणायचे.

मग जुलैतला तो शुक्रवार आला. मामांची सुट्टी होती. हवेत इतका दमटपणा होता की दार उघडलं की चष्मा धुरकट व्हायचा. रिफातल्या एका घरातून सुनेचा फोन आला. एसी बंद आहे, सासरे ऑक्सिजनवर आहेत, लवकर या. बदली ऑपरेटरने ते ऐकलं आणि लिहायला स्क्रीनवर जागा शोधली. जागा नव्हती. जुन्या प्रोग्रॅममध्ये नव्हती, म्हणून मी नव्यातही केली नव्हती. त्याने नाव नोंदवलं आणि स्क्रीनने ते यादीत तळाला टाकलं. सगळ्यात वर झल्लाकच्या एका रिसॉर्टची व्यायामशाळा होती. ती आधी थंड झाली. गाडी रिफाला पोचली तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि म्हाताऱ्याला ॲम्ब्युलन्स घेऊन गेली होती.

चौकशी झाली. दोष कोणाचा निघावा? मामांचा! 'ग्राहकांची महत्त्वाची माहिती खासगी खुणांमध्ये लपवून ठेवली' असं मामांना सगळ्यांसमोर वाचून दाखवलेल्या पत्रात लिहिलं होतं. वीस वर्षं कामाच्या छापील यादीवर जी टिंबं अख्खं वर्कशॉप वाचत होतं, ती एका कागदावर लपवाछपवी ठरली. मामांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. डायरी माझ्या मांडीवर होती. बायको आणि मुलगी नुकत्याच माझ्या व्हिसावर आल्या होत्या, शाळेचा प्रवेश व्हायचा होता, अशी कारणं माझ्याकडे भरपूर होती. मी डायरी उघडली नाही. मामांची नोकरी गेली, म्हणजे व्हिसाही गेला. नोटिशीच्या महिन्याभरात काम दुसऱ्याला शिकवून देश सोडायचा होता.

तो महिना चालू असतानाच मॅनेजरनी मला 'अर्जंट' नावाचा नवा रकाना करायला सांगितला. तीन पातळ्यांचा! जुन्या बॅकअपमधून मामांची टिंबं काढून त्यात भरायला मला एक दुपार पुरली. एक दुपार! मॅनेजरनी तो रकाना आपली कल्पना म्हणून मालकांना दाखवला आणि मालक खूश झाले. मामा तेव्हा चार टेबलं पलीकडे बसून बदली ऑपरेटरला काम शिकवत होते, ओरडून ओरडून.

आता मी कुठलाही स्क्रीन बदलायचा असला की आधी आठवडाभर तो वापरणाऱ्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसतो. लोक म्हणतात, फार बारकाईने काम करतोस. मी आभार मानत नाही.

जायच्या दिवशी दुपारी मामांना विमानतळावर मीच सोडलं. ड्रायव्हरांत त्यांना कोण नेणार यावरून भांडण लागलं होतं, पण मामा म्हणाले, ह्याच्या गाडीतून जातो. वाटेत मी म्हणालो, "मामा, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"होय," ते म्हणाले. "बोलूक होया होता."

गाडी थांबवली. त्यांनी विचारलं, "ते रिफाचे म्हातारे घराक इले?"

मला काहीच माहीत नव्हतं. इतक्या दिवसांत मी एकदाही चौकशी केली नव्हती. पण त्यांचा जीव हलका व्हावा, की माझाच व्हावा, म्हणून मी म्हणालो, "हो मामा. आले घरी. बरे आहेत."

मामा माझ्याकडे वळले. आवाज चढला नाही. फोनवरच्या ग्राहकाशी बोलावं तितक्या शांतपणे ते म्हणाले, "खोटा बोलतंस. मी काल हॉस्पिटलात जावन इलंय. अजून थयच आसत."

मी बॅगेला हात घातला. त्यांनी तो बाजूला केला, बॅग स्वतःच उचलली आणि आत निघून गेले.