वाळत घातलेला धवला

ग्रामोफोनची रेकॉर्ड उन्हात वाळत घालू नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझा पापड-मसाल्यांचा घरगुती धंदा आहे. आमच्याकडे जे धुतलं जातं ते गच्चीवर जातं. ही घराची शिस्त आहे आणि ती मीच लावलेली आहे.

आता आमच्या पनवेलच्या फ्लॅटमध्ये रेकॉर्ड आली कुठून? तर माझ्या सासूबाई आणि त्यांची धाकटी जाऊ, म्हणजे आमच्या जनीकाकी, या दोघी उरणकडच्या एकाच आगरी घरात सुना म्हणून आल्या. धवले म्हणायला दोघींनाही गावोगावची बोलावणी असत. (धवला म्हणजे लग्नाचं गाणं. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची. माईक लागत नाही. लावलाच तर माईकला त्रास होतो.) त्या काळी कुणा हौशी माणसाने गावातल्या बायकांना मुंबईला नेऊन त्यांच्या धवल्यांची रेकॉर्ड काढली. पाकिटावर एकीचंही नाव नाही, नुसतं ‘आगरी स्त्रिया’. आणि त्यात ओळ लावणारा खणखणीत आवाज आपलाच, असं दोघीही तेव्हापासून ठासून सांगत आल्या आहेत. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा त्यांच्या ट्रंकेतून ती रेकॉर्डही आली.

जुन्या ग्रामोफोनवर ती रेकॉर्ड इतकी खरखरायची, की गाणारी बाई आहे एवढंच कळे. म्हणून भांडण टिकून होतं. पण यंदा काकींच्या नातवाचं लग्न ठरलं आणि हळदीला पहिला धवला कोण म्हणणार, यावर फोन सुरू झाले.

“पयला धवला मी बोलनार. मी थोरली हाय!” सासूबाई.

“थोरली हायस तं पुडं बस आनि अक्षता टाक,” पलीकडून काकी. “रेकाडवर आवाज माजा हाय. धवला बी माजाच.”

“तुजा? तू तवा मागं बसून शेंगा खात व्हतीस!”

हे रोज, माझ्या जेवणाच्या वेळेला, स्पीकरवर. शेवटी माझे यजमान प्रशांत यांनी जाहीर केलं, की भांडण नको, आपण चांगल्या मशीनवर रेकॉर्ड ऐकू आणि काय तो निकाल लावू. त्यांनी एक परवडणारा टर्नटेबल मागवला. सुनावणी रविवारी. जिचा आवाज, तिचा धवला. दोघींना मान्य!

मशीन आलं. यांनी ते टीव्हीच्या कपाटावर, स्पीकरच्या मांडीला मांडी लावून ठेवलं आणि सरावाला बाजारातून आणलेली सनईची एक जुनी रेकॉर्ड लावली. समोर टॉवरचं काम चाललंय. तिकडे खांब ठोकला, की इकडे सुई दोन ओळी पुढे उडी मारायची. स्पीकर गुरगुरायचे ते वेगळंच.

“स्वस्तातलं आहे गं, एवढंच वाजणार,” हे हताश होऊन म्हणाले.

“मशीनला नावं ठेवू नका. मांडणी चुकलीय,” मी म्हटलं आणि पदर खोचला.

ओट्यातून उरलेला ग्रॅनाइटचा जाड तुकडा गॅलरीत पडून होता, तो आणून मशीनखाली घातला. उड्या बंद! स्पीकर दोन वेगळ्या स्टुलांवर नेले. गुरगुर बंद! ताटलीत पाणी घेऊन ग्रॅनाइट समतल केला. सुईचा भार किती हवा ते यांनी मोबाईलवर वाचून सांगितलं आणि मी तो माझ्या केशर तोलायच्या काट्यावर मोजून बसवला. पुन्हा रेकॉर्ड लावली, तर वाजवणाऱ्याने मध्येच श्वास घेतलेलासुद्धा ऐकू आला. हे माझ्याकडे आदराने बघत राहिले. असं फार क्वचित घडतं, त्यामुळे माझं डोकं फिरलं.

“रेकॉर्ड स्वच्छ असेल तर आवाज आणखी खुलतो, असं दिलंय इथं,” हे म्हणाले आणि पळस्प्याला मित्राकडे निघून गेले. पुढची ओळ त्यांनी वाचली नाही. मीही वाचली नाही.

धवल्यांची रेकॉर्ड मी धुतली. नीट धुतली! कोमट पाणी, दोन थेंब साबण, मऊ फडकं, मधल्या कागदावर झाकण. खोबणींतून इतका मळ निघाला, की पाण्याचा चहा झाला. तिथेच थांबले असते तर आज लोकांना धडे देत असते. पण ओली वस्तू घरात ठेवणं मला जमत नाही. गच्चीवर उडदाचे पापड घातले होते, त्यांच्याच ओळीत रेकॉर्ड घातली. ऊन कडक होतं. मला वाटलं, बरंच झालं.

तासाभराने पापड उलटायला गेले. एकेक उलटत पुढे सरकले आणि हातात वाटी आली. काळी, चकचकीत, बुडाला भोक असलेली वाटी!

मी ती डोक्यावर धरून बघितली, उलटी करून बघितली. मग दुसरी रेकॉर्ड कुठे आहे म्हणून इकडेतिकडे शोधलं. दुसरी नव्हती.  तेवढ्यात हे पळस्प्याहून परतून मला शोधत वर आले.

“हे काय आहे?”

“रेकॉर्ड.”

“ही?”

“स्वच्छ आहे,” मी म्हटलं.

हे मटकन खाली बसले. पापडांवर बसले. पण त्या क्षणी मी काही बोलले नाही, यावरून माझी अवस्था समजून घ्या.

“आईचा आवाज आहे गं त्यात!”

“किंवा काकींचा,” मी म्हटलं. ते बोलायला नको होतं.

मग मीच उपाय काढला. उन्हाने वाकली, उन्हानेच सरळ करायची. जुन्या खिडकीच्या दोन काचांमध्ये वाटी ठेवली, वर पाटा चढवला. काचा तापल्या तशी ती हळूहळू बसली. सरळ झाली म्हणवत नाही. कडेने झालर राहिली, परकराला असते तशी. पण वाटी राहिली नव्हती! घरात कुणाला काही सांगायचं नाही, असं आम्हा दोघांचं ठरलं.

रविवारी काकी आल्या. नऊवारी, अंबाडा, अंबाड्यात अबोली. निकाल आपल्याच बाजूने लागणार याची पूर्ण तयारी. सासूबाईंनीही ठेवणीतलं लुगडं काढलं होतं. दोघी समोरासमोर बसल्या. यांनी सुई टेकवली.

सुई मोरा बंदराच्या भर पावसातल्या लाँचसारखी वर चढली, खाली आपटली, पुन्हा चढली. आणि आवाज? मांडणी माझी होती, त्यामुळे आवाज कमालीचा स्पष्ट होता! मागच्या बायकांच्या बांगड्या ऐकू येत होत्या. आणि त्या स्पष्टपणात ओळ लावणारी बाई म्हशीला उचकी लागावी तशी गात होती. उंच जायची, तिथून विहिरीत पडायची, विहिरीतून हंबरत वर यायची. एक एक अक्षर स्वच्छ!

दोघींचे चेहरे पांढरे पडले. 

“यो आवाज माजा नाय,” सासूबाई हळूच म्हणाल्या.

“मंग काय माजा हाय?” काकी ताडकन उठल्या. “तूच थोरली. तुजाच हाय तो!”

“मगाशी जिन्यातून वरडत आलीस, आवाज माजा हाय, आवाज माजा हाय! घे आता!”

“मी तं मागं बसून शेंगा खात व्हते!”

पहिला धवला आता दोघींनाही नको झाला होता. आपण आयुष्यभर अशा गायलो आणि लोकांनी तोंडावर ऐकून घेतलं, या विचाराने काकींनी अंबाड्यातली अबोली काढून टीपॉयवर ठेवली. ते मात्र मला बघवेना.

“आवाज चांगलाच होता,” मी म्हटलं. “रेकॉर्ड बिघडलीय. मी ती धुतली.”

“धुतलीस?”

“आणि गच्चीवर वाळत घातली.”

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. माझ्या लग्नानंतर प्रथमच त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं. ती गोष्ट मी होते.

“रेकाड काय पापड हाय गो, सूनबाय?”

“आता लाटू नको म्हनावं तिला!”

मनसोक्त बोलून झाल्यावर, खरा धवला कसा होता ते या अडाणी सुनेला कळावं म्हणून सासूबाईंनी ओळ लावली. काकींनी ती उचलली. मी चहाला आत गेले होते. तिथून कोणती ओळ कुणाची, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणजे रेकॉर्ड धड असती तरी निकाल लागलाच नसता! पण हे मी बोलून दाखवलं नाही. माझी बाजू मांडायची ती वेळ नव्हती.

हळदीला पहिला धवला दोघींनी मिळून म्हटला. यांनी तो सगळा मोबाईलवर टिपून घेतला आणि नवऱ्या मुलाला हळद लावायला जाताना मोबाईल माझ्याकडे द्यायला हात पुढे केला. सासूबाई पुढचा धवला गाता गाता थांबल्या.

“तिच्या हातात नको देऊ रं! धुवून वाळत घालंल!”

सगळा मांडव हसला. मीही हसले. काय करणार? मोबाईलला हळदीचा डाग लागला होता, आणि माझ्या हातात ओलं फडकं तयार होतं.